'द यलो वॉलपेपर': निवेदिका वेडी होते की तिला वेडे केले जाते?

निशिगंध

आमच्या वाचनगटाने या महिन्यात अमेरिकी लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा घेतली होती. कथा एका बैठकीत वाचून होते, पण तिच्यावरची चर्चा अजून मिटलेली नाही, म्हणून येथील जाणकारांसमोर ती मांडते आहे.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नुकतीच आई झालेली एक स्त्री आणि तिचा डॉक्टर नवरा जॉन उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी एक जुना, ऐसपैस वाडा भाड्याने घेतात. तिला खरे म्हणजे काही झालेलेच नाही, थोडीशी तात्पुरती उदासी आहे, असे जॉनचे मत आहे. तिने खावे, झोपावे, मोकळी हवा घ्यावी आणि लिहिण्याचे नाव काढू नये, असे ठरते. वरच्या मजल्यावरच्या ज्या खोलीत ती राहते तिच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे आणि भिंतींवर जागोजागी फाटलेला मळकट पिवळा कागद आहे. ती चोरून टिपणे लिहिते आणि ती टिपणे म्हणजेच ही कथा. हळूहळू तिला त्या कागदाच्या नक्षीमागे अडकलेली एक बाई दिसू लागते आणि शेवटी ती कागद ओरबाडून काढते.

गटात दोन तट पडले. काहींच्या मते ही आजाराची कथा आहे. बाळंतपणानंतरचे नैराश्य बळावत जाऊन त्याचे वेडात रूपांतर कसे होते, हे लेखिकेने आतून दाखवले आहे आणि नवरा चुकला असला तरी आजार त्याने निर्माण केलेला नाही. इतरांच्या मते ही तुरुंगाची कथा आहे आणि कोणतेही शहाणे माणूस त्या खोलीत वेडे झाले असते. मला स्वतःला दुसरी बाजू पटते, पण पहिलीला खोडता येईल असा आधार कथेत सापडत नाही. दुसरी शंका अशी, की नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठ्या झालेल्या आमच्यासारख्या वाचकांना या कथेत ना भूत सापडते ना शाप, मग हिची गणना गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या गूढ-भयाच्या, कथांमध्ये कशी होते? आणि अमेरिकी कथाकार एडगर अ‍ॅलन पो यांच्या वेड्या निवेदकांशी हिचे नाते कसे लावायचे? त्यांना तर कोणीच कोंडलेले नसते.

दिगंत

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी त्या काळच्या उपचाराकडे पाहायला हवे, कारण कथेत तो नाव घेऊन आला आहे. तब्येत सुधारली नाही तर शरद ऋतूत तुला वायर मिचेल यांच्याकडे पाठवीन, असे जॉन बायकोला बजावतो, आणि हे मिचेल खरेखुरे गृहस्थ होते. सायलस वायर मिचेल हे फिलाडेल्फियातील नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर त्यांनी केलेले काम आजही महत्त्वाचे मानले जाते, आणि कापलेला अवयव अजून जागेवरच आहे असे रुग्णाला भासते त्या अवस्थेचे वर्णन त्यांनीच रूढ केले. पुढे त्यांनी मुख्यतः स्त्रियांच्या मज्जादौर्बल्यावर 'विश्रांतीचा उपचार' काढला आणि १८७७ मध्ये 'फॅट अँड ब्लड' या पुस्तकात तो मांडला. सहा ते आठ आठवडे अंथरुणात पडून राहणे, घरच्यांची भेट नाही, वाचन, लेखन, शिवणकाम नाही, दूध आणि भरपूर खाणे, आणि पडून राहिल्याने स्नायू झडू नयेत म्हणून मालिश व विजेचे झटके, असे त्याचे स्वरूप होते.

गिलमन स्वतः १८८७ मध्ये या उपचाराखाली होत्या. १८८५ मध्ये मुलगी झाल्यापासून त्यांना खोल नैराश्याने घेरले होते. सुमारे महिनाभराने मिचेल यांनी त्यांना घरी पाठवले ते असे सांगून, की शक्य तितके घरगुती आयुष्य जगा, दिवसातून दोनच तास बुद्धीचे काम करा आणि जन्मात पुन्हा लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हाती धरू नका. त्यांनी हे काही महिने पाळले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे, की त्या काळात त्या दूरच्या कपाटांत आणि पलंगांखाली रांगत जाऊन लपत असत. कथेच्या शेवटी निवेदिका भिंतीकडेने रांगते ते या अनुभवातून आले आहे हे कळल्यावर तो प्रसंग मला निव्वळ भयाची क्लृप्ती म्हणून वाचता येईनासा झाला.

याच मिचेल यांनी थकलेल्या, खचलेल्या पुरुषांना मात्र बहुधा उलटा सल्ला दिला. १८८५ मध्ये त्यांनी ओवेन विस्टर या तरुणाला पश्चिमेकडे वायोमिंगला धाडले, घोड्यावर बसा, मोकळ्यावर राहा म्हणून. त्या प्रवासांतून विस्टर यांची 'द व्हर्जिनियन' ही १९०२ ची गाजलेली कादंबरी निघाली. पुरुषाला मोकळे रान आणि पुढे पुस्तक, स्त्रीला बंद खोली आणि लेखणीवर बंदी. त्यातही मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की मिचेल स्वतः कथाकार होते. १८६६ मध्ये 'अटलांटिक मंथली'त त्यांची 'द केस ऑफ जॉर्ज डेडलो' ही कथा निनावी प्रसिद्ध झाली होती. हातपाय गमावलेल्या एका सैनिकाला आपले 'मी'पणही कमी कमी होत चालल्याचे जाणवते, असे तिचे सूत्र आहे. शरीर बांधले गेले की मन कसे विरते, हे इतक्या बारकाईने जाणणारा माणूस स्त्रीच्या बाबतीत तेच ओळखू शकला नाही.

आता खोलीकडे या. ती आधी मुलांची खोली असावी, मग व्यायामशाळा झाली असावी, असा निवेदिकेचा तर्क आहे, आणि गज व कड्या पाहूनही तिला तिसरी शक्यता सुचत नाही. ती वाचकाला सुचते. तिला खरे म्हणजे खालची, गुलाबांच्या वेलींकडे उघडणारी खोली हवी होती, पण जॉन नाकारतो. कागद बदलण्याची तिची विनंतीही तो नाकारतो, आणि त्याचे कारण मुळातून वाचण्यासारखे आहे: आज कागद बदलला तर उद्या तो जड पलंग, मग खिडक्यांचे गज, मग जिन्याच्या तोंडाचे फाटक, अशी यादी वाढतच जाईल. तुरुंगाचा एकेक भाग तो स्वतःच्या तोंडाने मोजून दाखवतो आणि हे सगळे तो मायेने, तिला लाडाची नावे देत करतो.

म्हणून आजाराची कथा की तुरुंगाची, अशी निवड मी करणार नाही. आजार खरा आहे. गिलमन यांचाही खरा होता आणि तो आयुष्यभर अधूनमधून परतत राहिला. कथा सांगते ती अशी, की आजारी माणसाला आपल्या आजाराबद्दल बोलण्याचा अधिकारच नाकारला की आजाराला भिंतीवर जाऊन बोलावे लागते. नवरा डॉक्टर, भाऊही डॉक्टर, दोघांचे निदान एकच. अशा स्थितीत आपण काय करणार, असे ती पहिल्याच पानावर पुन्हा पुन्हा विचारते.

रानवाट

दिगंत यांनी वैद्यकाची बाजू इतकी नेमकी मांडली आहे, की मी फक्त पो यांच्याकडे वळतो. पो यांच्या निवेदकांना कोणी कोंडलेले नसते, हे निशिगंध यांचे विधान मला अर्धेच मान्य आहे.

'द टेल-टेल हार्ट' जानेवारी १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. निवेदक पहिल्या वाक्यापासून कोणाला तरी पटवून देतो आहे, की मी वेडा नाही. कोणाला, ते पो सांगत नाहीत. तो न्यायाधीश असेल, डॉक्टर असेल, तुरुंगातला सोबती असेल. पुरावा म्हणून तो आपली सावधगिरी पुढे करतो. सात रात्री मी मध्यरात्री दार किती हळू उघडले, कंदिलाची झडप किती जपून सरकवली, वेडा माणूस इतका विचार करील का? त्या काळचे न्यायालयीन वाद ठाऊक असले की हा युक्तिवाद किती हुशारीने रचला आहे ते कळते. इंग्लंडमध्ये जेम्स काउल्स प्रिचर्ड यांनी १८३५ च्या ग्रंथात 'नैतिक वेड' ही कल्पना मांडली होती. बुद्धी शाबूत असते, तर्क शाबूत असतो, भावना आणि इच्छाशक्ती मात्र बिघडलेली असते, आणि असा मनुष्य आपले कृत्य अत्यंत सुसंगतपणे सांगू शकतो. म्हणजे पो यांचा निवेदक आपल्या शहाणपणाचा म्हणून जो पुरावा देतो आहे, तोच त्याच्या समकालीन वाचकाला रोगाचे लक्षण वाटू शकत होता. जितके नीट सांगावे तितके अधिक अडकावे, असा हा पिंजरा आहे आणि त्याला भिंती लागत नाहीत.

'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' या १८३९ च्या कथेत भिंती आहेत, पण त्या आणि मन वेगळे काढता येत नाहीत. वाड्याच्या खिडक्या रिकाम्या डोळ्यांसारख्या दिसतात, असे निवेदक आल्या आल्या म्हणतो, आणि कथेच्या मध्यावर वाड्याचा मालक रॉडरिक अशर गातो त्या कवितेत तर एका राजवाड्याचे हळूहळू वेडे होणे सांगितले आहे, म्हणजे राजवाडा हेच डोके. रॉडरिकला मोठा आवाज, तीव्र प्रकाश, गंध, कपड्याचा स्पर्शही सोसत नाही, म्हणून तो घराबाहेर पडत नाही. बहीण मॅडेलिन हिला मेलेली समजून तळघरात ठेवतात. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवेदक, कारण तो बाहेरून आलेला, तर्कशील मित्र आहे आणि काही दिवसांत त्यालाही झोप येईनाशी होते, त्यालाही आवाज ऐकू येऊ लागतात. रॉडरिक शेवटी 'वेड्या माणसा' म्हणून हाक मारतो ती त्यालाच. वेड त्या घरात संसर्गासारखे पसरते आणि वाचकाजवळ पाय रोवायला बाहेरची जागा उरत नाही.

गॉथिक कशी, या प्रश्नालाही येथूनच उत्तर मिळते. होरेस वॉलपोल यांच्या १७६४ च्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून या परंपरेचा कणा भूत हा नसून कोंडी हा आहे. जुना वाडा, त्यावर अधिकार असलेला पुरुष, त्यात अडकलेली स्त्री. भुते येतात-जातात, वाडा आणि अधिकार टिकतो. लघुकथेने यातले दालने, भुयारे, वारसाहक्काची भानगड सगळे गाळले आणि एक खोली व एक आवाज ठेवला. गिलमन यांना ही परंपरा पूर्ण ठाऊक आहे. त्यांची निवेदिका सुरुवातीलाच म्हणते, की हे घर झपाटलेले असते तर किती छान झाले असते, पण नशिबाकडे इतके मागू नये.

शब्दवेल

चर्चेत एक फ्रेंच कथा आणावीशी वाटते, कारण दोन्ही तटांचा वाद तिच्या लेखकाने स्वतःशीच घातलेला दिसतो. गी द मोपासाँ यांनी 'ल ओर्ला' ही कथा दोनदा लिहिली.

पहिले रूप २६ ऑक्टोबर १८८६ रोजी 'जिल ब्लास' या दैनिकात आले. त्यात डॉक्टर मारांद नावाचा मनोविकारतज्ज्ञ तीन सहकारी डॉक्टरांना आणि चार शास्त्रज्ञांना बोलावतो आणि आपला रुग्ण त्यांच्यापुढे आणतो. रुग्ण शांतपणे हकीकत सांगतो: रात्री कोणी अदृश्य माझ्या उशाशी येते, ठेवलेले पाणी आणि दूध पिऊन टाकते, माझी शक्ती शोषते. शेवटी डॉक्टर म्हणतो, की हा वेडा आहे की आम्ही दोघेही वेडे आहोत, की माणसाच्या जागी येणारा कोणी खरेच आला आहे, हे मला सांगता येत नाही. येथे रुग्णालय आहे, श्रोते आहेत, कथेभोवती चौकट आहे. वाचक त्या सात पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेला असतो.

१८८७ च्या दुसऱ्या रूपात मोपासाँ यांनी डॉक्टर काढून टाकला, श्रोते काढले, रुग्णालय काढले आणि फक्त रोजनिशी ठेवली. ८ मे रोजी रूआँजवळच्या आपल्या घरासमोर गवतावर लोळत सेन नदीतली जहाजे पाहणारा एक सुखी माणूस एका पांढऱ्या ब्राझिली जहाजाला सहज वंदन करतो, आणि तेथून १० सप्टेंबरपर्यंत त्याचे मन त्याच्या हातून सुटत जाते. मध्ये पॅरिसमध्ये एक डॉक्टर त्याच्या चुलतबहिणीला संमोहित करतो आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्याला दिलेली आज्ञा स्वतःची इच्छा समजून पार पाडते. मोपासाँ यांनी मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांची पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातली व्याख्याने ऐकली होती आणि या प्रसंगात ते शिक्षण स्पष्ट दिसते. आपल्या इच्छेवर दुसऱ्याचा ताबा बसू शकतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर निवेदकाची भीती आणखी घट्ट होते. शेवटी तो खिडक्यांना लोखंडी झडपा आणि खोलीला लोखंडी दार बसवून घेतो, त्या अदृश्य ओर्लाला आत कोंडतो आणि घराला आग लावतो. नोकरमाणसे माळ्यावर झोपलेली आहेत, हे त्याला आठवते ते त्यांच्या किंकाळ्या ऐकून.

चौकट काढल्याने काय झाले, ते दोन्ही रूपे लागोपाठ वाचल्यावर जाणवते. पहिल्यात आपण निदान करतो. दुसऱ्यात निदान करायला आपल्याजवळ त्या माणसाच्या शब्दांखेरीज काही नसते, आणि शब्द तर त्याच्याच डोक्यातून आलेले. गिलमन यांनी पाच वर्षांनी नेमके हेच केले. त्यांच्या कथेतही डॉक्टर आहे, पण तो बोलतो ते रुग्णाने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. शार्लट ब्राँटी यांच्या १८४७ च्या 'जेन एअर' या कादंबरीत माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोची, बर्थाची, हकीकत आपण नवऱ्याकडून ऐकतो आणि ती स्वतः एक वाक्य बोलत नाही. पंचेचाळीस वर्षांनी वरच्या मजल्यावरच्या बाईच्या हाती लेखणी आली. मला हा त्या कथेचा खरा पराक्रम वाटतो, तिच्या शेवटाहूनही मोठा.

मोपासाँ यांना जानेवारी १८९२ मध्ये, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर, पासी येथील डॉक्टर ब्लांश यांच्या रुग्णालयात दाखल केले गेले आणि ६ जुलै १८९३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. यावरून 'ल ओर्ला' ही त्यांच्या आजाराची नोंद आहे असे अनेकदा सांगितले जाते. मला ते मान्य नाही. एकच कथा वेगळ्या निवेदनपद्धतीने पुन्हा बांधणारा लेखक आपल्या सामग्रीचा पूर्ण मालक असतो.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. शब्दवेल यांचा चौकटीचा मुद्दा मी गटापुढे नक्की ठेवीन. एक गोष्ट अजून सुटत नाही. शेवटी ती खोलीचे दार लावते, किल्ली खाली फेकते, जॉन दार उघडून आत येतो आणि बेशुद्ध पडतो, आणि ती त्याच्या अंगावरून रांगत फेऱ्या घालत राहते. गटातल्या काहींना हा विजय वाटतो. मला तसे वाटत नाही, पण पराभव म्हणायलाही जीभ रेटत नाही.

दिगंत

विजय म्हणणाऱ्यांचे वाचन मुख्यतः १९७३ नंतरचे आहे. त्या वर्षी फेमिनिस्ट प्रेसने कथा स्वतंत्र पुस्तकरूपात पुन्हा छापली आणि तिला नवा वाचक मिळाला. त्याआधी ती भयकथा म्हणूनच संग्रहांत येत असे. अगदी पहिल्या वाचकांतही मतभेद होते. गिलमन यांनी १९१३ मध्ये लिहिलेल्या छोट्या टिपणात सांगितले आहे, की बॉस्टनच्या एका डॉक्टरने अशी कथा लिहिलीच जाऊ नये, ती वाचून कोणीही वेडे होईल, असा निषेध केला, तर कॅन्ससच्या एका डॉक्टरने वेडाच्या सुरुवातीचे इतके अचूक वर्णन आपण पाहिले नाही, असे कळवले. मिचेल यांनी ही कथा वाचून आपला उपचार बदलला, असेही त्या टिपणात आहे, पण त्याला दुजोरा देणारा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही, तेव्हा गटात ती गोष्ट सिद्ध म्हणून सांगू नका.

शेवटाबद्दल दोन तपशील पाहा. शेवटच्या दिवशी खोलीच्या दाराला आतून कुलूप लागते, आणि लावते ती. आत यायला जॉनला तिच्याकडेच किल्ली मागावी लागते. ती पुन्हा पुन्हा शांतपणे सांगते, की किल्ली पायऱ्यांजवळ एका पानाखाली आहे. तिचे म्हणणे जॉनला मुकाट्याने ऐकून त्याप्रमाणे वागावे लागते, असा कथेतला हा एकमेव प्रसंग आहे. पण तिने स्वतःला दोरीने बांधून घेतलेले आहे आणि बाहेर जायची इच्छा तिला उरलेली नाही, कारण बाहेर जमीन हिरवी आहे, पिवळी नाही.

दुसरा तपशील भिंतीवरच्या डागाचा. भिंतीच्या तळाशी, खोलीभर फिरलेला घासल्याचा एक लांब पट्टा तिला आधीच दिसलेला असतो आणि तो कोणी, कशासाठी केला असेल, असे ती नवलाने विचारते. शेवटी रांगताना ती सांगते, की माझा खांदा त्या पट्ट्यात अगदी बरोबर बसतो, त्यामुळे वाट चुकत नाही. मग तो पट्टा तिच्याआधी त्या खोलीत ठेवलेल्या कोणाचा? की ती स्वतःच कितीतरी दिवस रांगत होती आणि टिपणांत ते ओझरतेच आले? घरातल्यांना तिच्या कपड्यांवर पिवळे डाग सापडले होते, हे लक्षात घेतले तर दुसरी शक्यता बळावते. पण पहिलीही खोडता येत नाही, आणि तिच्यामागे इतिहास उभा आहे. इलिनॉय राज्यात नवऱ्याच्या शब्दावर, कोणत्याही जाहीर सुनावणीविना, बायकोला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत असे. एलिझाबेथ पॅकर्ड यांना धर्ममतावरून झालेल्या मतभेदापोटी त्यांच्या पाद्री नवऱ्याने १८६० मध्ये असेच जॅक्सनव्हिलला धाडले आणि त्या तीन वर्षे तेथे होत्या. १८६४ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा ज्यूरीने सात मिनिटांत त्यांना शहाणे ठरवले. पुढचे आयुष्य त्यांनी असे कायदे बदलून घेण्यात घालवले. अशा बायकांच्या खांद्यांनी तो पट्टा उमटला असेल, असे वाचायला कथा पूर्ण वाव देते.

निशिगंध

पट्ट्याचा हा दुवा आमच्यापैकी कोणीच जोडला नव्हता. पुढच्या बैठकीसाठी आम्ही आता 'ल ओर्ला'ची दोन्ही रूपे आणि 'जेन एअर'चे सव्विसावे प्रकरण, ज्यात बर्था पहिल्यांदा सर्वांसमोर येते, एवढे घेत आहोत. पो यांच्यासाठी एक स्वतंत्र बैठक ठेवू. रानवाट, त्या वेळी 'अशर'मधल्या निवेदकाबद्दल आणखी प्रश्न घेऊन मी येथे पुन्हा येईन.